आजोबांची पट्टी निळी, नातीची लाल

मधली_पायरी
गेले बारा दिवस आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. एकाचं वय ७४, दुसरीचं १६. मध्ये मी, निरोप्याच्या कामावर. "आजोबांना सांग, चष्मा टेबलावर आहे." "तिला म्हणावं, दार नीट लावून घे."

कारण एक कागद. ते तापमानाच्या पट्ट्यांचं चित्र बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठातल्या एड हॉकिन्स या हवामानशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये केलेलं. त्यात आकडे नाहीत, अक्ष नाहीत. दर वर्षाची एक उभी पट्टी, सरासरीपेक्षा थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल. डावीकडे १८५० पासून निळ्याच निळ्या, उजव्या टोकाला सलग गडद लाल. मुलीने ते छापून कपाटाच्या दारावर चिकटवलं. पट्ट्यांखाली पेन्सिलीने बारीक बाण काढून तिघांची जन्मवर्षं लिहिली: १९५१, १९८१, २००९. आणि त्याखाली त्या त्या वर्षी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण किती होता ते. ३११, ३४०, ३८७.

बाबा चष्मा लावून बराच वेळ समोर उभे होते. मग १९५१ च्या बाणावर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे माझी निळी?"

ती म्हणाली, "हो. तुम्हाला निळी मिळाली होती. लाल तुम्ही केलीत."

इथे सांगायला हवं की बाबांची सगळी नोकरी औष्णिक वीजकेंद्रात गेली. १९७६ ला लागले, २००९ ला निवृत्त झाले. बॉयलर विभाग, शिफ्ट ड्यूटी, २१० मेगावॉटचा संच. मुलीने कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला होता. कोळशाच्या विजेला दर युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड, वर्षाचे ८७६० तास, ३३ वर्षं. उत्तर सहा कोटी टन. त्याखाली, गणिताच्या वहीत मारतो तशा दोन रेघा.

तो हिशेब त्यांनी पाहिला, कागद परत होता तसा लावला आणि खोलीत गेले. तेव्हापासून हे असं.

दोघांपैकी कुणीच मला चूक वाटत नाही, हीच पंचाईत. माझी स्वतःची पट्टी धड निळी ना धड लाल. तुमच्याकडे असं काही होतं का?

जुनं_खोड
होतं की. रोज होतं. फरक इतकाच की मी खोलीत जाऊन बसत नाही, उत्तर देतो.

त्या हिशेबाचा कागद कशावर छापला? विजेवर. तापमानाच्या पट्ट्या कशावर पाहिल्या? विजेवर. आम्ही एक सदरा थोरल्याचा धाकट्याला, धाकट्याचा पुसायला असा तीन जन्म वापरला. पाकिटं उलटी करून पुन्हा वापरली. ज्यांचा फोन दर दोन वर्षांनी जुना होतो त्यांनी आम्हाला पृथ्वी कशी वाचवावी ते शिकवायचं, हे जरा जास्तच होतंय.

उंबरठ्यावर
मी १९ वर्षांचा आहे. तुमच्या मुलीची बाजू घेतो, तिचं ते एक वाक्य सोडून.

काका, सदरा तीन जन्म वापरलात कारण दुसरा घ्यायला पैसे नव्हते. पृथ्वीसाठी नव्हे. त्याबद्दल आदर आहे, पण ते पुण्य म्हणून वटवू नका. हाताशी पैसे आले तेव्हा तुमच्याच पिढीने काय काय घेतलं तेही आठवा.

आमचा राग काटकसरीवरून नाहीच, उशिरावरून आहे. रिओच्या १९९२ च्या पर्यावरण परिषदेत सेव्हर्न सुझुकी ही कॅनडाची १२ वर्षांची मुलगी सगळ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींपुढे बोलली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ग्रेटा थुनबर्ग १५ व्या वर्षी स्वीडनच्या संसदेबाहेर हवामानासाठी फलक घेऊन बसली. मध्ये २६ वर्षं गेली. सुझुकीबाई आता चाळिशी ओलांडून गेल्या. "पुढची पिढी" म्हणून जिचं कौतुक केलं तीच मधली पिढी झाली, आणि कौतुक आता आमच्या वाट्याला. नको आहे ते आम्हाला.

"माहीत नव्हतं" याबद्दलही. १८५० ते २०१९ मध्ये माणसाने हवेत सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ४२ टक्के १९९० नंतरचा आहे. हा आकडा आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीचा. त्यांचा पहिला अहवालच १९९० चा. म्हणजे धोक्याची पाटी लावून झाल्यावर निम्म्याला थोडा कमी माल उतरवला गेला.

जुनं_खोड
त्या ४२ टक्क्यांत तुझे आईवडील आले. शेवटची दहा-बारा वर्षं तूही आलास. पिढ्यांची रेघ नक्की कुठे मारायची ते एकदा ठरव, मग मी रेघेच्या अलीकडे उभा राहतो की पलीकडे ते सांगतो.

उंबरठ्यावर
बारा वर्षांच्या मुलाला वीजकेंद्र कुठे बांधायचं हे कुणी विचारत नाही. मतदानाचा हक्क मला आत्ता आत्ता मिळालाय.

वेगळा_सूर
हवामान नेहमीच बदलत आलंय. हिमयुगं काय मोटारींनी संपवली?

खडूफळा
नेहमी बदलतं, खरं. पण सूर्य तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. इथे खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय, म्हणजे उष्णता मध्येच अडवली जातेय. शिवाय हवेत वाढलेल्या कार्बनची समस्थानिकं (कमी-जास्त वजनाचे अणू) तपासली की तो जुन्या, गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा, म्हणजे कोळशा-तेलाचा आहे हे दिसतं. चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं म्हणून एवढं लिहिलं. यावर पुढे वाद घालणार नाही.

मला मूळ विषयावर बोलायचंय. आमच्याकडचं भांडण मोठ्या आवाजात झालंच नाही. मुलगा-सून ३२-३३ चे. एका संध्याकाळी शांतपणे म्हणाले की मूल नको, या जगात नको. हिला वाटलं, काही वैद्यकीय अडचण असेल आणि सांगत नसतील. तसं काही नव्हतं. मी त्याला म्हणालो, माझ्या आजीने साथीत आणि युद्धात मुलं वाढवली. तो म्हणाला, "बाबा, युद्ध संपतं." त्यावर मला बोलता आलं नाही.

नंतर कळलं की तो एकटा नाही. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार जणांची पाहणी लॅन्सेटच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्यात ३९ टक्के म्हणाले, मूल होऊ द्यावं की नाही अशी धाकधूक वाटते. वर्गात चाळीस मुलं धरली तर पंधरा-सोळा. वर्गाच्या हिशेबात मांडलं की मला आकडे दिसतात, सवय.

हिने कपाटात ठेवलेली लहान लोकरीची टोपडी अजून तिथेच आहेत. कुणीही तो कप्पा उघडत नाही.

मधली_पायरी
सर, हे वाचून थांबले थोडी.

व्याजाचा_दर
तुमच्या भांडणाचं एक कोरडं रूप अर्थशास्त्रात शंभर वर्षं चालू आहे, ते सांगतो. भावना बाजूला ठेवल्या की ते जास्त क्रूर दिसतं.

सरकार एखादं धोरण आखतं तेव्हा पुढे होणाऱ्या नुकसानाची आजची किंमत काढते, त्यासाठी एक वार्षिक दर धरते. समजा शंभर वर्षांनी १०० एककांचं नुकसान होणार आहे. दर १.४ टक्के धरला तर त्याची आजची किंमत सुमारे २५. पाच टक्के धरला तर एकही नाही, पाऊण. म्हणजे पहिल्या दराने पणतवंडाला वाचवायला आज २५ खर्चणं शहाणपणाचं, दुसऱ्या दराने एक खर्चणंही उधळपट्टी. तक्त्यातला एक आकडा बदलला की पणतू तेहेतीसपट स्वस्त होतो.

ब्रिटिश सरकारसाठी अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये जो अहवाल केला त्यात १.४ टक्क्यांच्या आसपासचा दर होता. तो फारच कमी आहे म्हणून अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी त्यावर टीका केली. दोघेही हवामान बदल मानणारे, दोघेही मोठे अभ्यासक. भांडण फक्त या आकड्यावर. आणि फ्रँक रॅम्सी या ब्रिटिश गणितज्ञाने १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं की पुढचं सुख केवळ पुढचं आहे म्हणून कमी मोजणं नैतिकदृष्ट्या टिकत नाही, ती कल्पनाशक्तीची दुर्बळता आहे. तेव्हा तो पंचविशीत होता. सत्ताविसावं त्याने पाहिलं नाही.

तुमच्या मुलीला सांगा, आजोबांच्या बॉयलरपेक्षा या आकड्याशी भांड. तो कुठल्या खोलीत ठरतो ते शोध. तिथे तिच्या वयाचं कुणी नसतं.

उंबरठ्यावर
"पणतू स्वस्त होतो" हे मी उचलतोय.

रात्रपाळी
मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. इथे सगळे "म्हाताऱ्यांचं काय जातंय, ते तर सुटतील" या थाटात बोलताय, निदान ओळींच्या मधून. उष्णतेच्या लाटेत आमच्याकडे कोण येतं ते सांगू?

वय वाढलं की घाम कमी येतो आणि तहान उशिरा लागते. शरीर सुकत असतं आणि माणूस म्हणतो, नको, आत्ताच पाणी प्यायलो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. रात्र थंड झाली नाही की हृदयाला उसंत मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आणतात. हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. नातेवाईक म्हणतात, काल तर चांगले बोलत होते. युरोपात २००३ च्या उन्हाळ्यात सत्तर हजारांवर माणसं गेली, बहुतेक वृद्ध.

म्हणून मला स्वित्झर्लंडच्या आज्या आवडतात. दोन हजारांवर बायका, सरासरी वय सत्तरीच्या पुढे. सरकार उत्सर्जन कमी करत नाही म्हणून आमच्या आयुष्याला धोका आहे, असा खटला त्यांनी भरला आणि ९ एप्रिल २०२४ ला युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात जिंकला. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने पोर्तुगालच्या सहा तरुणांचा खटला दाखल करून घ्यायलाच नकार दिला. त्यांनी तीसहून जास्त देशांना एकदम कोर्टात खेचलं होतं आणि आधी स्वतःच्या देशातल्या न्यायालयांत गेले नव्हते. निकालानंतर पोरं त्या आज्यांबरोबर उभी राहिली, कारण आज्यांच्या निकालाचा आधार आता पोरांनाही घेता येणार होता.

हे वाचल्यापासून मला "म्हातारे विरुद्ध तरुण" ही वाटणीच पटत नाही.

उंबरठ्यावर
हे माहीत नव्हतं. पण एक भर घालतो. पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक मोहीम सुरू केली, त्यांतल्या वानुआतू या बेटदेशाने ती संयुक्त राष्ट्रांत नेली आणि २३ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामान राखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. सल्ल्याचं मत आहे, बंधनकारक नाही, ठाऊक आहे. तरी सुरुवात वर्गातून झाली होती.

तिसरा_मजला
वय सोडा, ऐपत बघा. जगातली वरची दहा टक्के घरं घरगुती उत्सर्जनाच्या ३४ ते ४५ टक्क्यांना जबाबदार आहेत, हेही आयपीसीसीचंच. त्या दहा टक्क्यांत आजोबाही आहेत आणि नातूही. मूळ धाग्यातल्या आजोबांचा पगार बघता ते त्यात नसावेत. शिफ्ट ड्यूटी करणाऱ्या माणसावर सहा कोटी टनांचं खापर फोडायचं आणि ज्यांनी कोळशावर नफा कमावला त्यांचं नावही घ्यायचं नाही, याला काय म्हणायचं?

जुनं_खोड
अखेर कुणीतरी शहाणं बोललं.

तिसरा_मजला
काका, दर दोन वर्षांनी फोन बदलण्यावरचा तुमचा टोला याच न्यायाने बाद होतो बरं का.

कॉस्टिक_पोटॅश
मूळ धाग्यासाठी लिहितो. मीही बॉयलरवाला, २८ वर्षं. तुमचे वडील गप्प का बसले असतील याचा मला एक अंदाज आहे. चूकही असेल.

आमच्या वेळी धुराची तपासणी ऑर्सॅट नावाच्या उपकरणाने व्हायची. लाकडी पेटी, आत काचेच्या नळ्या, खाली रबरी नळीला बाटली. चिमणीकडे जाणाऱ्या धुराचा नमुना ओढायचा आणि कॉस्टिक पोटॅशच्या नळीतून दोन-तीनदा खालीवर करायचा. ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. मग जेवढं आकारमान घटलं तेवढी त्याची टक्केवारी. ती १४ किंवा १५ आली की शिफ्ट इंचार्ज खूश. कमी आली म्हणजे भट्टीत फाजील हवा जातेय, उष्णता चिमणीवाटे वाया, कोळसा जास्त जळतोय. म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा आकडा जितका जास्त, तितकं ज्वलन चांगलं आणि माणूस आपल्या कामात हुशार. लॉगशीटवर तो आकडा आम्ही अभिमानाने लिहायचो.

धुरातली राख वाईट, ती पकडायला विजेच्या भाराने राख ओढून घेणारं यंत्र. गंधक वाईट. कार्बन मोनॉक्साइड वाईट, अर्धवट जळाल्याची खूण. कार्बन डायऑक्साइड हा मात्र पूर्ण जळाल्याचा पुरावा होता. १९८८ मध्ये हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन अमेरिकेच्या सिनेटसमोर तापमानवाढीबद्दल बोलले ते मी निवृत्त झाल्यावर वाचलं. ज्या साली ते बोलले त्या साली मला चांगल्या ज्वलनाबद्दल शाबासकीचं पत्र मिळालं होतं. पत्र अजून आहे.

आता नात म्हणते, तुम्ही हे केलंत. बरोबर आहे तिचं, केलं. पण ज्या आकड्यावरून आयुष्यभर शाबासकी घेतली तोच आकडा आरोप म्हणून समोर आला की माणसाला उत्तर सुचत नाही. राग येतो असंही नाही.

खडूफळा
हा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

व्याजाचा_दर
निर्देशांक तोच, अर्थ उलटा. धन्यवाद.

मधली_पायरी
कॉस्टिक_पोटॅश, तुमचा प्रतिसाद काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. मुद्दाम मोठ्याने, शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं.

ऑर्सॅट म्हटल्याबरोबर त्यांचे हात हलले. बाटली वरखाली केल्यासारखे, दोन्ही हातांनी. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. मग म्हणाले, "तिसऱ्या नळीतलं द्रावण यांनी सांगितलं नाही. क्युप्रस क्लोराइड. सारखं बदलावं लागायचं, कंटाळा करायचे लोक." पुढे बराच वेळ तेच. मी तिथेच बसून राहिले.

सकाळी उठले तर कपाटावरचा कागद जागेवर नव्हता. मला वाटलं फाडला. टेबलावर उलटा पडलेला मिळाला, मुलीच्या दोन रेघांच्या खाली बाबांचं ठोकळेबाज अक्षर. जसंच्या तसं देते:

"संच वर्षभर पूर्ण भारावर कधीच चालत नाही. बंद, दुरुस्ती, ओला कोळसा, अचानक ट्रिप होऊन थांबणं. सरासरी भार ६५ टक्के धर.
पहिली दोन वर्षं प्रशिक्षण. ती वजा. ३१ वर्षं.
पण युनिटला एक किलो कमी आहे. जुना संच, शिवाय पंप-पंख्यांना घरचीच वीज लागते. १.१ धर.
वर्षाला १२० कोटी युनिट. ३१ वर्षांत ३७२० कोटी.
कार्बन डायऑक्साइड ४.०९ कोटी टन.
राख धरलेली नाही."

त्यांनी तिचा आकडा एका ठिकाणी खाली आणला आणि दुसऱ्या ठिकाणी स्वतःच्या विरुद्ध वाढवला. शिफ्टमधल्या माणसांनी भागलं नाही, तिसरा_मजला म्हणतात तसं मालकांकडेही ढकललं नाही. ते का केलं नाहीत, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

मुलगी कॉलेजला जायच्या आधी तो कागद वाचत उभी होती. गणकयंत्र काढून १.१ चा गुणाकार तपासला. पेन्सिलीने ३७२० कोटींच्या भोवती गोल केला आणि बाजूला प्रश्नचिन्ह. कसलं प्रश्नचिन्ह ते मला सांगितलं नाही. माझ्या बारावीच्या अभ्यासाच्या रात्रींची वीज त्या आकड्यात कुठेतरी आहे, एवढं मला ठाऊक आहे.

उंबरठ्यावर
बोलले का मग?

मधली_पायरी
नाही. अजून निरोपच चालू आहेत. फक्त आजचा निरोप असा होता: "तिला विचार, कोळशात राख किती टक्के धरायची ते तिला माहीत आहे का?"